अखेर काहीतरी बिघडलं

शनिवारी सकाळी सव्वाआठला आईने स्वयंपाकघरातून अशी आरोळी ठोकली, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंना लॉटरी लागली.

"बिट्टे! धाव! डिशवॉशर सुरू होत नाहीये!"

बिट्टी तोंडातला ब्रश तोंडातच ठेवून धावली. तिच्या मागून आत्या धावली, आत्याच्या मागून हातातल्या पेपरासकट आजोबा, आणि सगळ्यात शेवटी, सपाता नीट पायात सरकवून, बाबा आले. सगळे डिशवॉशरसमोर ओळीने उभे राहिले. आईने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही झालं नाही.

"वा!" आजोबा म्हणाले.

"अगदी ठार बंद," आत्या कौतुकाने म्हणाली. "दिवासुद्धा नाही हो लागत."

बाबांनी चष्मा पुसला. "अभिनंदन, बिट्टी," ते म्हणाले आणि त्यांनी तिचा हात हातात घेऊन खरोखर हलवला.

बिट्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं टूथपेस्टमुळे होतं, पण बाकीचं खरं होतं.

डिशवॉशर बंद पडल्यावर एखादं घर एवढं का हरखतं, ते सांगायला हवं. बिट्टी चोवीस वर्षांची. घरगुती यंत्रदुरुस्तीचा वर्षभराचा अभ्यासक्रम तिने मन लावून पुरा केला होता. लेखी परीक्षेत ती पहिली आली होती. अडलं होतं ते प्रात्यक्षिकाच्या परीक्षेवर. उमेदवाराने खऱ्या घरातलं, खरोखर बिघडलेलं यंत्र परीक्षकांसमोर एका तासात सुरू करून दाखवायचं, असा नियम होता. यंत्र उमेदवारानेच शोधायचं. संधी तीन.

पहिल्या वेळी तिने शेजारच्या काकूंचं वॉशिंग मशीन धरलं होतं. ते महिनाभर घरभर उड्या मारत होतं. परीक्षक दारात आले आणि मशीन मांजरासारखं गुरगुरत, शहाण्यासारखं, जागच्या जागी फिरायला लागलं. दुसऱ्या वेळी कोपऱ्यावरच्या शिंप्याचा फ्रिज. आठ दिवस मेलेला. परीक्षकांनी दार उघडायला नुसता हात लावला आणि आतला दिवा लागला. परीक्षक पेलाभर गार पाणी पिऊन गेले. बिट्टीचा हातगुण असा, की तिने हात लावायच्या आधीच यंत्रं बरी होत. दुरुस्तीवाल्याला याहून वाईट शाप नाही.

आता तिसरी संधी, शेवटची. तिची मुदत आज संध्याकाळी संपत होती. मोठ्या रस्त्यावरच्या सर्व्हिस सेंटरने तिच्यासाठी एक जागा सोमवारपर्यंत राखून ठेवली होती. प्रमाणपत्र असेल तर जागा तिची, नसेल तर पुढच्या मुलाची. आणि स्वतःच्या घरात शोधावं, तर या घरात काही बिघडतच नसे.

त्याला कारण बाबा. बाबांच्या हातात वस्तूला मरण नव्हतं. टीव्हीचा रिमोट बारा वर्षांनंतरही दुकानातल्या प्लास्टिकमध्येच होता. दर रविवारी ते दारांच्या बिजागऱ्यांना तेल देत आणि तेल देऊन झाल्यावर तेलाची बाटली पुसत. हा आजार घरभर पसरला होता. आई कपाटाचा खण असा मिटायची, जणू आत तान्हं बाळ झोपलंय. आत्या दिव्याचं बटण दाबत नसे, त्याची समजूत घालत असे. अशा घरात दुरुस्ती शिकलेली मुलगी म्हणजे वाळवंटात छत्र्या विकणारी.

म्हणून आज हा सोहळा.

बिट्टीने तोंड धुऊन परीक्षा घेणाऱ्या संस्थेत फोन लावला. परीक्षक तीन वाजता येतील, असं कळलं. तोपर्यंत यंत्राला उमेदवाराने हात लावायचा नाही, हा नियम.

"म्हणजे तीनपर्यंत हे असंच बिघडलेलं राहायला हवं," बिट्टी म्हणाली. "मागच्या वेळेसारखं आपोआप बरं झालं तर संपलंच."

"काय बिशाद आहे त्याची!" आजोबा म्हणाले, आणि स्टूल आणून मशीनच्या पुढ्यात पाठमोरे बसले.

अकरा वाजता शेजारचे काका हातात स्क्रू ड्रायव्हर परजत आले. कोणी बोलावलं नव्हतं. पण बिघाडाचा वास त्यांना भिंतीपलीकडून येतो.

"ऐकलं, मशीन बंद पडलंय. सरका. बाजूला एक चापट मारली की सुरू होतं."

"काका, पाया पडते, चापट नको!" बिट्टी किंचाळली.

"अगं, हलकीशी."

"हलकीसुद्धा नको," आत्याने दोन्ही हात पसरून वाट अडवली. "ते आजारी आहे. त्याला भेटायला मनाई आहे."

"आजारी आहे म्हणूनच तर—"

"मोठे डॉक्टर यायचेत तीन वाजता. तुम्ही घरी जा आणि तुमच्याच भिंतीला मारा चापट."

काका नाराज होऊन गेले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून एक चापट ऐकू आली.

दुपारभर बिट्टी तरंगत होती. हत्यारांची पेटी तिने तीनदा लावली. उत्साहाच्या भरात एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली नाही. ज्या घरात कपाची दांडी निखळली तरी बाबा दोन दिवस जेवत नसत, त्या घरात अख्खं डिशवॉशर बंद पडलं होतं आणि बाबा शीळ घालत होते. आई उगाचच गालातल्या गालात हसत होती. आत्या आणि आजोबा एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

बरोबर तीनला बेल वाजली. परीक्षक बाई आल्या. उंच, सडपातळ, खांद्याला पिशवी, हातात पुठ्ठ्याला लावलेला फॉर्म, आणि चेहरा असा, की त्यावर शेवटचं हसू कधी येऊन गेलं ते विचारायची सोय नाही. त्यांनी गळ्यातलं घड्याळ सुरू केलं.

"नियम वाचून दाखवते. वेळ एक तास. उमेदवाराने बिघाड शोधून यंत्र सुरू करायचं. ग्राहकाची सही झाली की घड्याळ थांबेल. बिघाड आपसूक झालेला हवा. कोणी मुद्दाम काही केल्याचं आढळलं, तर ते मोजलं जाणार नाही, आणि करणाऱ्याने इथे तसं लिहून द्यायचं. करा सुरू."

स्वयंपाकघरात अचानक चार जणांना खोकला आला.

बिट्टी गुडघ्यावर बसली. शिकवलं होतं तसं, सोप्यापासून सुरुवात. "दिवा लागत नाहीये. म्हणजे आधी वीज पोचते का ते बघू." तिने सिंकखालचं कपाट उघडलं आणि टॉर्च मारला.

प्लग सॉकेटमध्ये नव्हता. तो धुतलेल्या, इस्त्री केलेल्या रुमालात गुंडाळून, वरून रबरबँड लावून खिळ्याला टांगलेला होता.

बिट्टीने वळून बघितलं.

"धूळ बसू नये म्हणून," बाबा पुटपुटले.

"बाबा!"

"तुला काहीतरी बिघडलेलं हवं होतं ना," बाबांचा आवाज चिरकला. "मला मोडता येत नाही गं. मी काल हातोडी घेऊन उभा राहिलो होतो त्याच्यापुढे. नाही हिंमत झाली. म्हणून मग प्लग काढला."

बिट्टीने प्लग रुमालातून सोडवला. म्हणजे बिघाड नव्हताच. आता प्लग लावला की मशीन सुरू, आणि तिसरी संधीही गेली.

"लिहून द्या," परीक्षक बाई म्हणाल्या.

बाबांनी फॉर्म घेतला, समास आखण्यासाठी पट्टी मागितली आणि वळणदार अक्षरात आठ ओळींची कबुली लिहिली. एक शब्द खोडावा लागला म्हणून ते परत पहिल्यापासून लिहिणार होते. बिट्टीने कागद ओढून घेतला. दहा मिनिटं गेली होती.

तिने जड हाताने प्लग लावला. मशीनचा दिवा लागला. आईने "अं?" असा आवाज काढला. बिट्टीने सुरू करायचं बटण दाबलं. मशीनने नुसतं टुक् केलं आणि एक छोटंसं कुलपाचं चित्र लुकलुकलं.

"मुलांनी बटणं दाबू नयेत म्हणून कुलूप असतं, ते लागलंय," बिट्टी सावकाश म्हणाली. "पण आपल्या घरात मुलं नाहीत."

"पान एकोणीस," स्टुलावरून आवाज आला.

"आजोबा, तुम्हीसुद्धा?"

"चाळीस पानांचं पुस्तक भिंगाने वाचलंय त्यासाठी," आजोबा ताठ मानेने म्हणाले. "दोन बटणं एकदम तीन सेकंद दाबायची. एक दोन तीन, मनात मोजून. मी परवा रात्रीच उरकलं. मला काय माहीत हा प्लग काढून बसलाय! सकाळी बंद दिसलं तेव्हा मला वाटलं, वा, माझंच काम."

"मला वाटलं माझं," बाबा म्हणाले.

"लिहून द्या," परीक्षक बाई म्हणाल्या.

आजोबांनी आधी स्वतःची जन्मतारीख लिहिली. मग ती कोणी विचारली नव्हती असं कळल्यावर ते विचारात पडले. एकवीस मिनिटं.

कुलूप उघडलं. आता बिट्टी थांबून आईकडे बघायला लागली. आई छताकडे बघत होती. बिट्टीने एकही प्रश्न न विचारता सिंकखाली पुन्हा डोकं घातलं. मशीनला पाणी देणारा नळ बंद होता. त्याच्या मुठीला लाल फीत बांधली होती आणि फितीला चिठ्ठी: 'बंद आहे. उघडताना हळू.'

"आई, हे अक्षर तुझं आहे."

"मग काय दुसऱ्याचं असणार?" आई एकदम फुटली. "पोरगी रोज रात्री पंखा बंद पडतो का म्हणून टक लावून बघत झोपते, ते बघवेल का मला? नळच तर बंद केला. तेवढंही करू नको?"

"सकाळी ओरडलीस तेव्हा काय छान ओरडलीस गं तू."

"आरशासमोर सराव केला होता," आई म्हणाली आणि आपणहून फॉर्मसाठी हात पुढे केला.

एकतीस मिनिटं. आता सगळ्यांनी आत्याकडे बघितलं.

"दाराच्या खाचेत बघ," आत्या हताशपणे म्हणाली. ती शाळेत चित्रकला शिकवायची. जिथे दाराचा खटका अडकतो, त्या खाचेत बिट्टीला खोडरबराचा तुकडा सापडला. तो सुबक कापलेला होता आणि टिश्यू पेपरात गुंडाळलेला.

"ओरखडा पडायला नको ना," आत्या म्हणाली.

परीक्षक बाईंनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. "मी सतरा वर्षं हे काम करते. लोकांनी मुद्दाम बिघडवलेली यंत्रं पाहिली आहेत. पण इतक्या काळजीने..." त्यांनी पेन परत उचललं. "लिहून द्या."

आत्याने कबुलीच्या खाली खोडरबराचं छोटं चित्रही काढलं. एक्केचाळीस मिनिटं झाली.

नळ उघडला. खाच मोकळी झाली. वीज होती, कुलूप नव्हतं. आता कारणच उरलं नव्हतं. बिट्टी बटणावर बोट ठेवून बसली. हे दाबलं की मशीन सुरू होणार, परीक्षक बाई पिशवी उचलणार, आणि सोमवारी मोठ्या रस्त्यावरच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये कुणीतरी दुसरंच तिथला निळा सदरा घालून उभं राहणार. आई साडीचा पदर चावत होती. बाबा पुटपुटत होते, "नको होऊस सुरू. एवढ्या वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज नको होऊस."

बिट्टीने दार मिटलं. खटका लागल्याचा आवाज स्पष्ट आला. डोळे मिटून तिने बटण दाबलं.

दिवा एकदा चमकला आणि विझला.

बिट्टीने पुन्हा दाबलं. दिवा चमकला, विझला. पाण्याचा थेंबही आत गेला नाही.

"नाही झालं!" आजोबा स्टुलावरून उठले. "नाही झालं सुरू!"

"बिघडलंय!" आई किंचाळली. "अहो, खरंच बिघडलंय हो!"

आत्याने बाबांना मिठी मारली, बाबांनी मशीनला. आनंद गगनात मावेना म्हणतात. इथे तर स्वयंपाकघर दहा बाय आठचं होतं. भिंतीपलीकडून काका ओरडले, "सुरू झालं का?" आणि चौघांनी एका सुरात उत्तर दिलं, "नाहीऽऽ!"

"शांत व्हा," परीक्षक बाई म्हणाल्या. "यात कोणाचा हात? आत्ताच सांगा."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. मग चौघांनी हात वर केले; पोलीस आल्यावर करतात तसे, रिकामे.

"अठरा मिनिटं उरली आहेत," परीक्षक बाई बिट्टीला म्हणाल्या.

बिट्टीच्या अंगात वीज शिरली. खरा बिघाड! तिचा, हक्काचा, अगदी ताजा बिघाड! ती मोठ्याने बोलत कामाला लागली, म्हणजे डोकं भरकटत नाही. "दिवा लागतो, म्हणजे वीज आहे. खटका लागतो, पण लगेच माघार घेतं. म्हणजे दार लागलंय यावर मशीनचा विश्वास नाहीये. आधी प्लग काढते."

"मी काढू?" बाबा म्हणाले. "मला सवय आहे."

प्लग निघाला. दाराच्या आतल्या कडेला सहा स्क्रू होते आणि प्रत्येकावर कारखान्यातला लाल रंगाचा ठिपका. परीक्षक बाईंनी वाकून त्यांच्यावर आपला टॉर्च मारला. एकही ठिपका चिरलेला नव्हता. "इथे कोणी हात लावलेला नाही," त्या म्हणाल्या आणि फॉर्मवर एक खूण केली. बिट्टीला ती खूण ऐकू आली, पेन कागदावर घासल्याची.

स्क्रू निघाले. दाराचा पुढचा पत्रा आत्याने थाळीसारखा दोन्ही हातांवर धरला. बिट्टीने मीटर काढलं. त्याच्या दोन सुया तारेच्या दोन टोकांना लावायच्या. वाट सलग असेल तर ते टीं करतं, तुटलेली असेल तर गप्प बसतं. खटका बोटाने दाबून तिने त्याच्यामागच्या स्विचला सुया लावल्या. टीं.

"स्विच बरा आहे," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला. म्हणजे दोष पुढे. त्या स्विचमधून एक तार दारातून खाली जात होती, बिजागरीला वळसा घालून मशीनच्या पोटात. तिने खालची पट्टी काढली, तारेचं दुसरं टोक शोधलं, सुया लावल्या.

टीं.

"हीपण बरी आहे?" आई रडवेली झाली. "म्हणजे बरंच झालंय की काय सगळं?"

"थांब." बिट्टीने सुया न हलवता पायाच्या अंगठ्याने दार हळूहळू मिटत आणलं. टीं... टीं... आणि दार अर्ध्याच्या वर येताच मीटर गप्प. दार खाली केलं, टीं. वर आणलं, गप्प.

"सापडली!" ती ओरडली. "बिजागरीपाशी! वरून साबूत दिसतेय, पण आत तांबं तुटलंय. दार उघडं असलं की तुकडे एकमेकांना टेकतात, मिटलं की सुटतात!"

"ती का तुटली?" परीक्षक बाईंनी विचारलं. प्रश्न परीक्षेचाच होता.

"दार फार वेळा उघडलं-मिटलं की तार तिथे वाकून वाकून थकते. एखाद्या घरात दिवसातून दोनदा उघडत असतील. काही घरांत..." ती थांबली.

"मी दर तासाला आतून पुसतो," बाबा अभिमान आणि अपराध यांच्या मधल्या आवाजात म्हणाले.

"सात मिनिटं," परीक्षक बाई म्हणाल्या.

तुटलेला भाग कापला. नवी तार घेतली, दोन बोटं जास्त लांब, म्हणजे वळताना ताण नको. टोकं सोलताना तार दोनदा सटकली. आजोबांनी तिच्या कोपराखाली आपला तळवा ठेवला आणि हात स्थिर झाला. जोड दिला, दाबला, ओढून बघितला, वर प्लास्टिकची नळी चढवली. दार उघडं, टीं. दार मिटलं, टीं. स्क्रू निघाले तसे परत आत गेले. "प्लग!" ती ओरडली, आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू धाडकन लावली.

बटण.

एक सेकंद. दोन. आईने कुणाचा तरी हात गच्च धरला होता. तो परीक्षक बाईंचा होता. मग मशीनच्या पोटात खोल कुठेतरी घरघर झाली, आणि पाणी, खरोखरचं पाणी, सूंऽऽ करत आत धावलं.

आत्या नाचायला लागली. आजोबा स्टुलावर उभे राहिले, आणि हे त्यांना डॉक्टरांनी मना केलं होतं.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद," परीक्षक बाई म्हणाल्या. "ग्राहकाची सही राहिली."

बिट्टीने फॉर्म बाबांपुढे धरला. बाबांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढून मागे लावलं, चष्मा सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली.

"बाबा! सही करा!"

"वाचल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, हे तुला मीच शिकवलंय. 'ग्राहक म्हणजे यंत्राचा मालक किंवा मालकाने नेमलेली—'"

"दादा, मी वाचते!" आत्याने फॉर्म हिसकावला आणि अख्खा परिच्छेद एका दमात, विरामचिन्हं गिळत, रेडिओवरच्या धावत्या वर्णनासारखा वाचून काढला. बाबा ऐकत मान डोलवत होते.

"चाळीस सेकंद."

"तिसरा मुद्दा परत वाच."

"अहो, करा ना आता!" आईने त्यांचं मनगट धरून कागदावर आपटलं. त्या आपटण्यातून जी रेघ उमटली ती बाबांच्या सहीच्या पहिल्या अक्षरासारखी दिसत होती. बाबांना ती अर्धवट सोडवेना. त्यांनी सही पुरी केली, खाली दोन ठिपके दिले, तारीख घातली.

परीक्षक बाईंनी घड्याळ थांबवलं. फॉर्म हातात घेतला. चारही कबुल्या चाळल्या, खोडरबराच्या चित्रापाशी क्षणभर रेंगाळल्या. मग शेवटच्या चौकटीत एक शब्द लिहून त्यांनी कागद उलटा करून बिट्टीपुढे धरला.

उत्तीर्ण.

पुढचा काही वेळ कोण काय बोललं, ते कुणालाच सांगता येणार नाही. काका भिंत सोडून दारातून आले, आणि कुणालाच त्यांना अडवायचं भान राहिलं नाही.

त्या गलक्यातच, एका कानावर हात दाबून, बिट्टीने सर्व्हिस सेंटरला फोन लावला. "सर, प्रमाणपत्राचं झालं. सोमवारी किती वाजता येऊ?"

"आठ वाजता," तिकडून आवाज आला. "दुरुस्ती येते, ते कळलं. पण ग्राहकांचं काय? लोक घोळ घालतात, मध्ये मध्ये बोलतात, हात लावतात, केलेलं कबूल करत नाहीत. जमेल सांभाळायला?"

बिट्टीने वळून बघितलं. काका मशीनच्या बाजूला चापट मारायला हात उगारून उभे होते, आत्या त्या हाताला लोंबकळत होती, आजोबा स्टुलावरून हुकूम सोडत होते, आणि बाबा आत्ताच सुरू झालेल्या मशीनचं दार पुसायला फडकं शोधत होते.

"सर," ती म्हणाली, "त्यात तर मी आठ वाजायच्या आतच तयार आहे."